दोनशे किलोमीटर आणि पाच मिनिटं

साठीला आल्यावर पुन्हा सायकल का सुरू केली, असं कुणी विचारलं की मी ‘शुगर’ म्हणून सांगतो. साफ खोटं आहे ते. शुगर पायी फिरूनही उतरते. मला कुणाला तरी मागं टाकायचं होतं, एवढंच. रिटायर झालेल्या माणसाला कुणी पुढं जाऊच देत नाही. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, जिथं जावं तिथं ‘बसा काका, बसा’. बसून बसून माझं डोकं फिरायला लागलं होतं.

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत मी उगवण तपासायचो. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, ठरलेल्या दिवशी उलगडायची आणि किती उगवल्या ते लिहायचं. कमी भरल्या की अख्खा लॉट फेल. ज्याच्या शेतात ते बियाणं पिकलं, तो बाहेर झाडाखाली हात जोडून बसलेला असायचा. साहेब, दोन-चारच कमी आहेत, म्हणायचा. मी म्हणायचो, कमी म्हणजे कमी. कंपनीत माझ्याबद्दल बोललं जायचं, हा सख्ख्या मेहुण्याचा लॉट फेल करील. एकदा केलाही. बायको माहेरी जाऊन पंधरा दिवस आली नाही, पण लॉट फेल तो फेलच राहिला.

सायकल माझी जुनी. कॉलेजला बदनापूरहून जालन्याला रोज सायकलीनं जायचो. रेल्वे होती, पण ती तिच्या मर्जीनं यायची आणि मला कुणाच्या मर्जीवर राहायला आवडत नाही. एकदा एका मित्राबरोबर पैज लावून वेरूळला गेलो आणि त्याच दिवशी माघारी आलो. येताना करमाडच्या जवळ मित्र रस्त्याच्या कडेला बसला आणि चक्क रडायला लागला. ‘बस मंग इथंच,’ म्हणालो आणि निघून आलो. तो कुठल्याशा टेम्पोत सायकल टाकून घरी पोचला. पुढं सहा महिने त्यानं माझं तोंड बघितलं नाही. लोकांना वाटतं मी म्हातारपणी खडूस झालो. अहो, मी पहिल्यापासूनच असा आहे.

मग लग्न झालं, आणि पहिल्याच धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीचं जेवणाचं बोलावणं आलं. मी सायकलीवर गेलो. चाळीस किलोमीटर, नवी पॅन्ट पायाशी गुंडाळून, घामाघूम. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं आणि मी आत वळतो न वळतो तोच सायकल गोठ्यामागच्या कडब्यात नेऊन लपवली. सासरे हात जोडून म्हणाले, ‘जावईबापू, काय बी करा, पण आमच्या दारात सायकलीवर येऊ नका. गाव म्हणंल, पोरगी कुणाला दिली.’ पुढच्या महिन्यात त्यांनी मोपेड पाठवून दिली. मी तीवर बसलो. सायकल शेतातल्या गड्याला देऊन टाकली आणि त्यानंतर चौतीस वर्षं पायडलवर पाय ठेवला नाही. सोयऱ्यांच्या इज्जतीपायी माझी सायकल गेली, हे मी बायकोला भांडणात किती वेळा ऐकवलं असेल, त्याला हिशेब नाही. तिनं बिचारीनं काहीच लपवलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर गिअरची सायकल आणली. त्याबरोबर ती तंग चड्डी. बायको म्हणाली, ‘अहो, वरून काहीतरी घाला. गल्लीत सुना आहेत.’ मी काही घातलं नाही. पहिल्या दिवशी आठ किलोमीटरवर छातीचा भाता झाला आणि एका शेळ्या वळणाऱ्या बाईनं विचारलं, ‘दादा, पाणी देऊ का?’ मला तिचा इतका राग आला, की पुढचे चार किलोमीटर रागावरच मारले. सहा महिन्यांत मी साठ किलोमीटरवर आलो. वर्षभरात शंभर.

जालन्यात सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. डॉक्टर, बियाण्याच्या कंपन्यांतले साहेब, सळईच्या कारखान्यातले दोघंतिघं. सगळे माझ्या पोरांच्या वयाचे. ते वर्षातून एकदा दोनशे किलोमीटरची राइड ठेवतात. साडेतेरा तासांत दोनशे पुरे करायचे. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का मारून घ्यायचा. साडेतेरा तासांवर एक मिनिट झालं, तरी नाव यादीत नाही. हा नियम मी ऐकला आणि म्हणालो, हे आपलं काम.

पहिल्या वर्षी मी अकरा मिनिटं उशिरा पोचलो. का, तर येताना अंबडला कंपनीतला एक जुना सहकारी रस्त्यात आडवा आला. ‘दोन मिनिटं, फक्त चहा!’ मला नाही म्हणता आलं नाही. चहा आला, मग पोहे आले, मग त्याची नात आली नाच करून दाखवायला. मी जालन्यात पोचलो तेव्हा ते लोक टेबल गुंडाळत होते. एक पोरगेलासा डॉक्टर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, ‘काका, या वयात इतकं केलंत, हेच खूप आहे.’ घरी येऊन मी जेवलो नाही. अकरा मिनिटं! आयुष्यभर मी दुसऱ्यांना फेल केलं होतं, आणि मला कुणी ‘हेच खूप आहे’ म्हणावं? त्याच दिवशी बायकोला सांगितलं, पुढच्या साली रस्त्यात देव जरी भेटला, तरी थांबणार नाही.

आणि पुढच्या साली रस्त्यात भेटली ती माझी मुलगी.

तिला आम्ही तीर्थपुरीच्या अलीकडच्या एका गावात दिलेली आहे. घर चांगलं, मोसंबीची बाग, ऊस, सासरे माजी सरपंच. व्याह्यांना आमच्याकडं इवाई म्हणतात. तर हे आमचे इवाई गोड बोलणारे. तोंडातून ‘नाही’ हा शब्द कधी येत नाही, आणि ‘हो’ही येत नाही. मुलगी बीएस्सी झालेली. लग्नाच्या वेळी ‘पुढं शिकवू की’ म्हणाले होते. दोन वर्षं झाली. औंदा तिनं गुपचूप बीएडचा फॉर्म भरला आणि तिचा अंबडच्या कॉलेजात नंबर लागला.

राइडच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. आवाज दाबून बोलत होती. ‘आप्पा, सोमवारी ॲडमिशनचा शेवटचा दिवस आहे. मामंजी न्हाई बी म्हणून न्हाई राह्यले अन् हो बी म्हणून न्हाई राह्यले.’

‘मी फोन करू का?’

‘फोनवर बघू म्हणतेत सगळ्यांनाच. तुमची सायकल रविवारी आमच्या गावातूनच जाती ना? मी त्यांच्या डोक्यात घातलंय, आप्पांचा सत्कार करा म्हणून. खूश झालेत. माईक लावणार आहेत. तुम्ही फक्त पाच मिनिटं बसा, अन् दोन शब्द बोलताना माझ्या बीएडचा शब्द टाका. चार माणसांत ते न्हाई म्हणणार न्हाईत.’

पोरगी माझीच. बराबर हिशेब केला होता तिनं. आमच्याकडं टावेल-टोपी-नारळ दिलेल्या पाहुण्यानं गावासमोर शब्द टाकला, की यजमानाला तो खाली पाडता येत नाही. ओसरीवर दोघंच बसलेले असताना ‘बघू’ म्हणता येतं. माईकसमोर, हार घातलेल्या इवायाला ‘बघू’ म्हटलं, तर गावात हसं होतं. मी तिला म्हणालो, ‘जाताना न्हाई, येताना थांबतो. पाच मिनिटं. सहावं न्हाई.’ ती हसली. ‘सहावं न्हाई,’ म्हणाली.

रविवारी सकाळी सहाला जालन्यातून निघालो. संध्याकाळी साडेसातच्या आत परत यायचं. सव्वाआठला तिचं गाव ओलांडलं. रस्त्याच्या कडेला बांबू रोवायचं काम चालू होतं. दोन पोरं एक फ्लेक्स ताणत होती, त्यावर माझा फोटो. लग्नातला, फेटा घातलेला. खाली मोठ्या अक्षरात ‘सायकलवीर’. मला मनातून बरं वाटलं, हे कबूल करतो. बांबूवाल्यांना हात करून पुढं गेलो.

तीर्थपुरी झाली, गोदावरी ओलांडली, शंभराव्या किलोमीटरच्या ढाब्यावर शिक्का मारला. इथपर्यंत मी बिलकुल वेळेत होतो. परतीला लागलो आणि वारं सुटलं. समोरून नाही, आडवं, ते जास्त वाईट. त्यात पुलाच्या अलीकडं बाभळीचा काटा घुसला. ट्यूब बदलली. दहा किलोमीटरवर पुन्हा हवा गेली, कारण काट्याचं टोक टायरमध्येच राहिलं होतं आणि मी ते बोटानं चाचपून बघितलं नव्हतं. माझी चूक. दुसऱ्या कुणाची असती, तर मी त्याला चारचौघांत सोलून काढला असता. पंपानं हवा भरता भरता दंडाला गोळे आले. मागून आलेले दोघं डॉक्टर थांबून म्हणाले, ‘काका, गाडी बोलवायची का?’ मी म्हणालो, ‘तुमच्या आईसाठी बोलवा.’ ते निघून गेले. दीड तास गेला त्यात.

मुलीच्या गावाजवळ आलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. उरले पंचेचाळीस किलोमीटर. त्या वाऱ्यात माझा वेग तासाला चौदा-पंधरा. म्हणजे तीन तास आणि वर काहीतरी. हातात होते तीन तास वीस मिनिटं. पाच मिनिटं थांबलो असतो तर पोचलो असतो. पण आमच्याकडचा पाच मिनिटांचा सत्कार मला ठाऊक आहे. मी स्वतः कंपनीत तसले कितीतरी केलेत.

लांबूनच दिसलं सगळं. झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, निदान चाळीस. टेबलावर चादर, त्यावर नारळांची रास. देवळाचा भोंगा झाडाला टांगलेला. इवाई पांढऱ्याफेक कपड्यात, हार दोन्ही हातांनी ताणून रस्त्याच्या मधोमध. त्यांच्या बाजूला शाळेचे हेडमास्तर, हातात कागद. कागद एक नव्हता, तीन-चार होते. आणि ह्या सगळ्यांच्या जरा पुढं, रस्त्याच्या कडेला, डोक्यावर पदर घेऊन, औक्षणाचं ताट धरून माझी पोरगी उभी होती. एक हात ज्योतीला आडवा धरलेला, वारं होतं म्हणून.

मी ब्रेकवर बोटं ठेवली होती. वेग कमीही केला होता. ते दिसलं तसे लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. तिनं ज्योतीवरचा हात काढला आणि पाचही बोटं मला दाखवली. पाच मिनिटं, आप्पा. हसत होती.

मी तिच्याकडं बघितलं आणि मला त्या डॉक्टरचा हात पाठीवर जाणवला. ‘हेच खूप आहे, काका.’ मनात म्हटलं, हिचं काम उद्या सकाळी गाडी घेऊन येऊन करता येईल. उद्या सोमवार आहेच. दोनशे किलोमीटर उद्या होणार नाहीत. दोन सेकंदांत हा हिशेब झाला, आणि मला तो तेव्हा अगदी चोख वाटला. मी हात वर केला, रस्त्याच्या पुढच्या वळणाकडं बोट दाखवलं, आणि मोठ्यानं ओरडलो, ‘आलोच!’

इवायांनी हार बाजूला घेतला, मला वाट दिली. पोरीच्या ताटाच्या हातभर अंतरावरून मी गेलो. मागून भोंग्यातून हेडमास्तरांचा आवाज आला, ‘पाहुणे सायकल वळवून येत आहेत, सर्वांनी जागेवर बसून घ्यावं.’ वळण ओलांडलं आणि मी जिवाच्या करारावर पायडल मारायला लागलो.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वाईट नाही वाटलं, लाज नाही वाटली. धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी सासऱ्यांच्या दारातून सायकल अशीच काढून निघून यायला हवं होतं, ते आज केलं, असं वाटलं. खिशातला फोन वाजत राहिला. वाजून वाजून बंद पडला, पुन्हा वाजला. मी गाणं म्हणत होतो.

आणि मग, साडेचारलाच वारं पडलं. एकदम. पुढचा रस्ता नवा झालेला, गुळगुळीत. पाय मोकळे झाले आणि वेग तेवीसवर गेला. अंबड कधी मागं पडलं ते कळलं नाही. सहा वाजता मी जालन्याच्या पाच किलोमीटर अलीकडं होतो आणि वेळच वेळ उरला होता. एका टपरीवर सायकल टेकवली, चहा सांगितला, भजी सांगितली. भजी गरम होती म्हणून सावकाश खाल्ली. शेवटच्या टेबलावर पोचलो तेव्हा पंचावन्न मिनिटं शिल्लक होती. पोरगेल्या डॉक्टरनं कार्डावर शिक्का मारला, मेडल गळ्यात घातलं आणि म्हणाला, ‘काका, मानलं तुम्हाला.’ मी त्याला म्हणालो, ‘काका न्हाई. नाव लिही यादीत.’

घरी बायको दारातच उभी होती. तिला फोन येऊन गेला होता. मेडलकडं तिनं बघितलंही नाही. ‘तुमचं तुम्ही निस्तरा,’ म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी सकाळी आठलाच मी गाडी घेऊन मुलीच्या सासरी हजर. पेढे घेऊन. मांड्या इतक्या धरल्या होत्या, की पायरी चढताना भिंतीला धरावं लागलं. इवायांनी हसत हसत स्वागत केलं. एक शब्द वाकडा नाही. ‘या, या, बसा. चहा आणा गं.’ आतून एक पिशवी आणून त्यांनी माझ्या हातात दिली. टावेल, टोपी, नारळ. ‘कालचं राह्यलं होतं,’ म्हणाले. खांद्यावर टाकला नाही टावेल, डोक्यावर ठेवली नाही टोपी. भाजी द्यावी तशी पिशवी दिली.

मी घसा साफ केला. ‘इवाई, पोरीच्या बीएडचं म्हणत होतो. आज शेवटचा दिवस आहे.’

‘आस्सं!’ ते म्हणाले. ‘काल बोलायचं होतं की हो तुम्ही. चार माणसं होती, हेडमास्तर होते. त्यांनी तर शिक्षणावरच भाषण लिहून आणल्तं. तिथंच ठरून गेलं असतं बघा. आता म्या एकटा काय सांगू? घरात विचारावं लागंल, भावाला विचारावं लागंल. भाऊ परभणीला गेलाय, तो बुधवारी येतो.’ थांबून म्हणाले, ‘घाई काय आहे? पुढच्या साली बघू.’

मी हात जोडले. हो, जोडले. माझ्या ऑफिसबाहेर झाडाखाली लोक जोडायचे तसेच. ‘इवाई, माझी चूक झाली,’ म्हणालो. ते माझे हात धरून म्हणाले, ‘छे छे, तुमची कसली चूक! तुम्ही आपले सायकलवीर.’ आणि बागेत पाणी सोडायचंय म्हणून उठून गेले. अकरा वाजले, बारा वाजले, ते बागेतून आले नाहीत. अंबडच्या कॉलेजची खिडकी दोनला बंद होणार होती.

मुलगी चहाचे कप न्यायला आली. डोळे सुजलेले वगैरे काही नव्हते. माझ्याजवळ जमिनीवर बसली.

‘लई वेळ थांबले का काल लोक?’ मी विचारलं.

‘साडेपाचला उठायला लागले,’ ती म्हणाली. ‘मामंजी म्हणले, उचला खुर्च्या. मीच म्हणलं, थांबा, आप्पा आलोच म्हणलेत, सायकलीचं काही बिघडलं असंल. मंग सहापर्यंत बसले बिचारे. दोनदा तेल घातलं मी निरांजनात.’

ती कप एकात एक घालत होती.

‘पोचलात ना पण वेळेत?’

‘पोचलो.’

‘किती मिनिटं राह्यली होती?’

‘चार,’ मी म्हणालो.

तिनं सुटकेचा श्वास सोडला. ‘मंग बरंच झालं, आप्पा,’ ती म्हणाली. ‘थांबला असता तर ह्या साली बी गेलं असतं तुमचं.’